आक्रमक खेळाची वेळ

ऑनलाइन सांघिक खेळांत प्रतिस्पर्ध्यावर केव्हा चालून जायचे आणि केव्हा जागा धरून बसायचे, हे ओळखण्याचे कौशल्य. ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘व्हॅलोरंट’ हे नेमबाजीचे खेळ आणि ‘लीग ऑफ लेजेंड्स’, ‘डोटा २’ हे लेनचे (म्हणजे दोन तळांना जोडणाऱ्या ठरावीक वाटांवर लढायचे) खेळ यांत ते ठळकपणे दिसते. चारही खेळांत एका संघात ५ खेळाडू असतात. खेळाडूंच्या बोलण्यात आक्रमकता हा स्वभाव समजला जातो. अमका ‘अ‍ॅग्रो’, तमका ‘पॅसिव्ह’. प्रत्यक्षात चांगला खेळाडू एकाच सामन्यात दोन्ही असतो, आणि कधी काय व्हायचे हे त्याला समोरची परिस्थिती सांगते.

हा विचार संगणकापेक्षा जुना आहे. १८८६ मध्ये बुद्धिबळाचा पहिला अधिकृत जगज्जेता ठरलेल्या विल्हेल्म स्टाइनिट्झची शिकवण अशी होती की पटावर वरचढपणा असल्याखेरीज हल्ला करू नये. आणि तो असेल तर हल्ला केलाच पाहिजे, नाहीतर वरचढपणा निसटतो. यातला दुसरा भाग सहसा विसरला जातो.

वरचढपणाचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे संख्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टरने मांडलेल्या नियमानुसार, सगळे एकमेकांवर एकाच वेळी मारा करू शकत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ५ विरुद्ध ४ हा सामना २५ विरुद्ध १६ असा होतो, आणि बाकी सगळे सारखे असेल तर चौघे संपेपर्यंत पाचांतले तिघे उभे राहतात. खेळातली माणसे सूत्राप्रमाणे मरत नाहीत, पण यातली अट लाखमोलाची आहे: एकाच वेळी. पहिला बळी मिळताच चेव येऊन पाचही जण पाच वाटांनी शिकारीला निघाले, तर प्रत्येक कोपऱ्यावर एकास एक लढत होते आणि आघाडी आपणहून परत केली जाते. पुढे घुसणारा पडला तर मागच्याने लगेच मारणाऱ्याला टिपणे, म्हणजे ‘ट्रेड’, यासाठीच दुसरा खेळाडू दोन पावलांवर असावा लागतो. खोलीभर मागे राहिलेला साथीदार सूड घ्यायला पोहोचतो तोवर समोरचा जागा बदलून मोकळा झालेला असतो.

लेनच्या खेळांत संधी घड्याळावर मोजता येते. ‘लीग ऑफ लेजेंड्स’मध्ये प्रतिस्पर्ध्याने जीव वाचवायला ‘फ्लॅश’, म्हणजे क्षणात थोड्या अंतरावर झेपावण्याची युक्ती, वापरला की तो ३०० सेकंद परत मिळत नाही. मुरलेले खेळाडू ती वेळ चॅटमध्ये टाकून ठेवतात आणि त्या पाच मिनिटांत लेनमधल्या जंगलात फिरणाऱ्या साथीदाराला, म्हणजे जंगलरला, बोलावून ‘गँक’, म्हणजे मिळून अचानक हल्ला, करतात. याहून बारीक उदाहरण पहिल्याच मिनिटांतले. एकट्याने लेन सांभाळणारा समोरच्याच्या पहिल्या तुकडीचे ६ मिनिअन (आपोआप चालत येणारे छोटे सैनिक) आणि दुसऱ्या तुकडीतला एक पुढचा मिनिअन पडला की दुसऱ्या पातळीवर जातो. त्या क्षणी त्याच्याकडे दोन कौशल्ये आणि समोरच्याकडे एकच. समोरच्याचाही मिनिअन पडेपर्यंतचे ते काही सेकंद अंगावर जाण्याचे. मग पारडे पुन्हा समान. ‘डोटा २’मध्ये रोशन या बलाढ्य राक्षसाला मारून मिळणारी ‘एजिस’ मेलेल्या नायकाला पुन्हा उठवते, पण ५ मिनिटांत कामी आली नाही तर ती जाते. एजिस घेऊन आपल्याच तळाशी रेंगाळणारा संघ पाहणे हा क्लेशदायक अनुभव आहे.

नेमबाजीच्या खेळांत प्रश्न उलटा विचारावा: घाई कोणाला आहे? ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये हल्ला करणाऱ्या संघाने बाँब लावल्यावर तो ४० सेकंदांनी फुटतो, बचाव करणाऱ्यांना तो निकामी करायला १० सेकंद लागतात, त्यासाठीचे किट असेल तर ५. बाँब लागला की भूमिका बदलतात. हल्ला करणारे आता राखणदार झाले आणि पुढे यायची गरज बचाव करणाऱ्यांना उरली. अशा वेळी १५ सेकंद शिल्लक असताना, विनाकारण कोपऱ्याबाहेर डोकावून मरणारा खेळाडू प्रत्येक संघाने पाहिलेला असतो. त्याने नुसते उभे राहायचे होते.

मात्र डोकावण्यात एक तांत्रिक फायदाही आहे. कोपऱ्यातून बाहेर येणाऱ्याच्या पडद्यावर दृश्य तत्काळ बदलते, तर थांबलेल्याला तो सर्व्हरमार्गे माहिती पोहोचल्यावरच दिसतो. नेटवर्कच्या या विलंबामुळे सरकणाऱ्याला क्षणार्धाची आघाडी मिळते. खेळाडू याला ‘पीकर्स अ‍ॅडव्हांटेज’ म्हणतात. म्हणून नुसते थांबणे म्हणजे सुरक्षित, हाही भ्रमच.

लागोपाठ हरल्यावर रागाने, म्हणजे ‘टिल्ट’ होऊन, केलेली मुसंडी बाहेरून आक्रमक खेळासारखीच दिसते. फरक ओळखायची खूण सोपी आहे: ‘आत्ताच का?’ याला खेळाडूकडे उत्तर नसते.

कमजोर बाजूने चालून जाणे योग्य ठरते असा एक प्रसंग मात्र आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये शस्त्रे विकत घेण्याचे पैसे वाचवण्यासाठी नुसत्या पिस्तुलांवर खेळलेल्या ‘इको’ राउंडमध्ये लांबून लढलो तर रायफलींपुढे निभाव लागत नाही. जवळच्या अंतरावर पिस्तूलही पुरते. शिवाय गमवायला फारसे काही नसते. असा राउंड हरूनही समोरचे दोन एके-४७वाले पाडले, तर पुढच्या राउंडला त्याच रायफली हातात हव्या असल्यास प्रतिस्पर्ध्याला खेळातले ५,४०० डॉलर पुन्हा मोजावे लागतात.