गुठळी टिकवणारं औषध

सुदामा नगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या औषधांच्या डब्यात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात. पाळीत अंगावरून फार जातं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या. गेल्या पावसाळ्यात ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरू घाटात त्यांच्या मुलाच्या छातीवर गाडीचं स्टिअरिंग आदळलं. खोकल्याबरोबर रक्त पडू लागलं. दवाखान्यात पोचताच त्याला सलाईनमधून हेच औषध सुरू केलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, हे तर माझ्या गोळ्यांचं नाव!"

नाव तेच आणि कामही तेच. जखमेवर फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली जाते, तीच गुठळी. पुढे प्लाझ्मिन हे एन्झाइम ती विरघळवतं. मोठ्या अपघातात मात्र हे विरघळवणं अवेळी आणि फार जोरात सुरू होतं. प्लाझ्मिन ज्यापासून बनतं तो रेणू आपल्या ज्या जागेने फायब्रिनला पकडतो, नेमकी ती जागा हे औषध अडवून बसतं. नवी गुठळी ते बनवत नाही, झालेली राखतं. १९६२ मध्ये जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने ते जगापुढे आणलं. उताकोबाईंच्या मनात होत्या बाळंतपणात रक्तस्रावाने दगावणाऱ्या बाया.

४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवरच्या 'क्रॅश-२' चाचणीत (२०१०) मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ वर आलं. आकडा लहान वाटेल, पण इतक्या स्वस्त औषधासाठी तो मोठाच आहे. अट वेळेची: पहिल्या तासात फायदा सर्वांत जास्त, आणि तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसले. म्हणूनच डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, "किती वाजता लागलं?"

फुफ्फुसाची गोष्ट जरा वेगळी. त्याच्या मुख्य रक्तवाहिन्यांत दाब कमी असतो, त्यामुळे छातीत नळी घालून साठलेलं रक्त काढलं, फुफ्फुस फुगलं, की बहुतेकदा रक्त आपोआप थांबतं. खरी भीती रक्त श्वासनलिकांत उतरण्याची. त्यांत मावतं जेमतेम १५० मिलिलिटर, चहाचा एक कप. रक्त संपण्याआधी माणूस गुदमरतो. त्यामुळे श्वासमार्ग मोकळा करणं आधी, औषध त्याच्या जोडीला. नळी घालताच दीड लिटर रक्त आलं, तर मात्र ऑपरेशनच.

काहीच चालेना तेव्हा काही ठिकाणी हिमोफिलिया या रक्त नीट न गोठण्याच्या आजारासाठी बनवलेला सक्रिय फॅक्टर सात, म्हणजे रक्त गोठवणारा एक घटक, वापरून पाहतात. तो अतिशय महाग. रक्त आम्लधर्मी झालं की त्याचा जोर ओसरतो, आणि नको तिथे, हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीत, गुठळी होण्याचा धोका असतो. मला तो पहिल्या फळीचा उपाय वाटत नाही.

काकूंच्या मुलाला तिथवर जावं लागलं नाही. चौथ्या दिवशी नळी काढली.