गुळाने छातीतली धूळ निघत नाही

‘कामावरून आल्यावर गुळाचा खडा खा, छातीतली धूळ निघून जाते.’ सोलापूरच्या यंत्रमाग कामगारांपर्यंतही पोचलेला हा जुना समज.

गूळ अन्ननलिकेने पोटात जातो, सुताची धूळ श्वासनलिकेने फुफ्फुसात. वाटाच वेगळ्या. घशाला बरं वाटतं ते लाळ सुटल्याने, म्हणून समज खरा भासतो.

पडताळायचंय? कामाच्या पाळीआधी आणि पाळीनंतर पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं छोटं यंत्र) तीनदा जोरात फुंका, प्रत्येक वेळी तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. सुट्टीनंतरचा पहिला दिवस चुकवू नका. सुताच्या धुळीने छाती आवळते ती बहुधा त्याच दिवशी जास्त. पाळीनंतर आकडा वारंवार घसरला, तर वही डॉक्टरांना दाखवा.

गूळ स्वस्तच, महाग पडतात ते छातीच्या त्रासाने होणारे खाडे. नगावर मजुरी असेल तर दम लागून मंदावलेला हातही कमाई खातो.