समुद्रगवत आणि समुद्रशेवाळ: एक ढीग राहू द्यायचा, दुसरा उचलायचा

फालुद्यात किंवा उपवासाच्या पुडिंगमध्ये आपण जे चायना ग्रास घालतो, त्याच्या नावात गवत आहे, पण गवताचा त्याच्याशी काही संबंध नाही. लाल रंगाचं समुद्रशेवाळ उकळून, गाळून, वाळवून ते बनतं. भूमध्य समुद्राच्या काठी याच्या बरोबर उलट चूक होते. स्पेनच्या किनाऱ्यावर तपकिरी पानांचे ढीग लागले की लोक 'आल्गास' म्हणतात, म्हणजे शेवाळ. आणि ती असते मुळं, खोड, पानं, फुलं, फळं असलेली चांगली सपुष्प वनस्पती. तिचं नाव पोसिडोनिया ओशनिका. जगात ती फक्त भूमध्य समुद्रात उगवते.

चायना ग्रासला गवत म्हटल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पोसिडोनियाला शेवाळ म्हटल्यानं मात्र फार बिघडलं आहे. शेवाळ म्हटलं की ते खरवडून टाकायचं, हे आपल्याही मनात पक्कं असतं. न्हाणीघरातलं असो की विहिरीच्या पायऱ्यांवरचं.

स्पेनमधल्या अलिकांते शहराच्या दक्षिणेला सांता पोला नावाचं बंदर आहे. तिथून होडीनं तबार्का नावाच्या छोट्या बेटावर जाता येतं. या बेटाभोवतीचं पाणी १९८६ साली स्पेनमधलं पहिलं सागरी राखीव क्षेत्र झालं. मी पहिल्यांदा तिथं उतरले तेव्हा किनाऱ्यावर भाताच्या पेंढ्याची उडवी मोडून पसरावी तसा ढीग होता. वर सुकलेला, खाली ओला. पाय ठेवला की गादीसारखा दबायचा. ओल्या भागाला कुजकट वास होता, हे खरं. माझ्यापुढची एक बाई नाक दाबून "आल्गास" म्हणाली आणि मुलाला ओढत पलीकडे घेऊन गेली. मी खाली बसून एक पान उचललं.

बोटभर रुंद, वीतभर लांब, फितीसारखं पान. उजेडाकडे धरलं तर टोकापासून बुडापर्यंत एकमेकींना समांतर जाणाऱ्या शिरा दिसतात, भाताच्या पातीत असतात तशा. या शिरांतून अन्नपाणी वाहतं. शेवाळात अशी वाहतुकीची व्यवस्था नसते. दुसरी खूण त्याहून सोपी: पोसिडोनियाच्या पानाला कधीच फाटा फुटत नाही. हातातल्या फितीला मध्येच दोन फाटे फुटले असतील, तर ते शेवाळ. ढिगात आणखी एक गोष्ट सापडते. लिंबापासून संत्र्याएवढे तपकिरी गोळे, हाताला अगदी नारळाच्या काथ्यासारखे लागतात. पानं गळून गेल्यावर खोडाला जे चिवट धागे उरतात, ते लाटांनी वळून वळून हे चेंडू होतात. कुठलंही शेवाळ असे चेंडू वळू शकत नाही, कारण त्याच्यात तो काथ्याच नसतो.

पोसिडोनियासारख्या वनस्पतींना समुद्रगवत म्हणतात, पण ते 'गवत' म्हणतानाही थोडं जपून म्हणायला हवं. वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत पोसिडोनिया खऱ्या गवतांच्या गणात येत नाही. ती ज्या गणात येते, त्याच गणात आपल्या परसातलं अळू येतं. म्हणजे नात्यानं ती दूर्वेपेक्षा अळवाला जवळची. तिचे पूर्वज जमिनीवर राहत होते आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात परतले. जमिनीवरची सगळी हत्यारं त्यांनी सोबत नेली: मुळं, शिरा, फुलं. शरद ऋतूत पाण्याखाली फुलं येतात, दोऱ्यासारखे परागकण पाण्यातून वाहत जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ऑलिव्हएवढी हिरवी फळं तरंगत किनाऱ्याला लागतात. इटलीत त्यांना 'समुद्राचं ऑलिव्ह'च म्हणतात. शेवाळाला फूल नाही, फळ नाही, बी नाही. ते बीजाणूंनी वाढतं किंवा तुकड्यातून पुन्हा उभं राहतं.

सगळा फरक शेवटी मुळाशी येतो. शेवाळ खडकाला धरून असतं, पण ते धरणं नुसतं पकडीपुरतं. अन्न ते सर्वांगानं पाण्यातून घेतं, म्हणून पाण्यात खत वाढलं की शेवाळ माजतं. पोसिडोनिया वाळूत उतरते. तिची आडवी खोडं वाळूत सरपटतात, मुळं खाली जातात, पानांतल्या हवेच्या पोकळ्यांमधून प्राणवायू मुळांपर्यंत पोहोचतो. पानांच्या दाट गर्दीत लाटेचा जोर मंदावतो आणि पाण्यात तरंगणारा गाळ खाली बसतो. त्या गाळात ती पुरली जाऊ लागते, मग उभी खोडं वर वाढतात. पुन्हा गाळ, पुन्हा वाढ. शेकडो वर्षं हे चालतं आणि मुळं, खोडं, धागे, वाळू यांचा घट्ट विणलेला थर तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ त्याला 'मात' म्हणतात. आपण विणलेली चटई म्हणू, फक्त ही चटई कित्येक मीटर जाड असते. आतमध्ये प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे काही कुजत नाही. हजारो वर्षांपूर्वी पाण्यातून घेतलेला कार्बन तिथं तसाच पडून आहे.

शेवाळ कार्बन घेत नाही असं नाही, भरपूर घेतं. पण ते ज्या खडकावर उगवतं, तिथं साठवायला त्याच्या पायाखाली माती नसते. त्याचा बराचसा भाग लवकर खाल्ला जातो किंवा कुजतो. एक रोजंदारीवर जगणारा, दुसरी कोठार भरणारी.

आणि वय. इबिझा आणि फोरमेंतेरा या स्पेनच्या बेटांभोवती १५ किलोमीटर अंतरावरच्या रोपांचे नमुने तपासले, तेव्हा जनुकीय दृष्ट्या ते एकच निघाले. एकाच बीपासून सरपटत सरपटत पसरलेलं एक झाड. वाढीचा वेग पाहून त्याचं वय हजारो वर्षांत मोजावं लागतं, काही अंदाज तर लाखाच्या घरात जातात. इबिझाला १९९९ साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात तटबंदीच्या जुन्या गावाबरोबर पोसिडोनियाची ही समुद्रतळावरची कुरणंही आहेत. मला यात फार समाधान वाटतं. माणसानं बांधलेली भिंत आणि वनस्पतीनं विणलेली चटई एकाच यादीत, एकाच किमतीनं.

आता गोंधळ सर्वात महागात कुठे पडला ते सांगते. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात एक हिरवंगार, पिसासारख्या पानांचं शेवाळ दिसलं: कॉलेर्पा टॅक्सिफोलिया. मत्स्यालयांच्या टाक्यांमध्ये शोभेसाठी वाढवलेला हा वाण होता. तेव्हा तो जेमतेम एक चौरस मीटरभर होता. वरून पाहिलं तर दिसायला छान हिरवळ. खाली सरपटणारं खोडासारखं काहीतरी, त्याला मुळांसारखे तंतू, वर पानांसारखी पिसं. म्हणजे मघाशी सांगितलेल्या माझ्या खुणा इथं डोळ्यांना चकवतात. प्रत्यक्षात ते पान नाही, खोड नाही, मूळही नाही. तो सगळा विस्तार म्हणजे असंख्य केंद्रकं असलेली एकच अवाढव्य पेशी. नीस विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ अलेक्सांद्र मेनेझ धोक्याची घंटा वाजवत राहिले आणि ती लवकर ऐकली गेली नाही. पोसिडोनियाचं आडवं खोड वर्षाला १ ते ६ सेंटीमीटर सरकतं. कॉलेर्पा उन्हाळ्यात दिवसाच्या हिशोबानं सेंटीमीटर चढतं, त्यात विषारी द्रव्य असल्यामुळे बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत, आणि जहाजाच्या नांगराला अडकलेल्या एका तुकड्यातून ते पुढच्या बंदरात नवी वसाहत करतं. पुढची वीस वर्षं ते फ्रान्सपासून इटली, स्पेन, क्रोएशियापर्यंत पसरत गेलं. नंतर बऱ्याच ठिकाणी ते आपोआप ओसरलं. मधल्या काळात कुरणांचं जे गेलं, ते मात्र कॉलेर्पाच्या वेगानं परत येत नाही.

सध्या तोच धडा दुसऱ्या नावानं चालू आहे. रुगुलोप्टेरिक्स ओकामुरे हे आशियातलं तपकिरी शेवाळ. २०१५ साली सेउटाच्या, म्हणजे आफ्रिकेच्या उत्तर टोकावरच्या स्पॅनिश शहराच्या, किनाऱ्यावरून ते हजारो टन उचलावं लागलं. तिथून ते स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर तारिफा, कादिझ, मालागापर्यंत पोहोचलं. मासेमारांची जाळी त्यानं भरून येतात. २०२२ साली युरोपीय संघानं त्याला आक्रमक परक्या प्रजातींच्या यादीत घातलं. किनाऱ्यावर पडलेला त्याचा ढीगही तपकिरी, ओला आणि घाण वासाचा असतो. दुरून पाहणाऱ्याला तबार्काचा ढीग आणि तारिफाचा ढीग सारखाच. जवळ जाऊन एक तुकडा उचला, पातळ कातड्यासारखी पट्टी दर थोड्या अंतरावर दुभंगलेली दिसेल. हा ढीग उचलायलाच हवा. तबार्काचा राहू द्यायला हवा.

का राहू द्यायचा, तर तो ढीग हाच किनाऱ्याचा बांध आहे. हिवाळी वादळं वाळू ओढून नेतात. पानांचा थर लाटेचा मार वरच्यावर झेलतो आणि पानांत अडकलेली वाळू जागेवर राहते. पर्यटकांना स्वच्छ वाळू हवी म्हणून ट्रॅक्टर लावून ढीग हटवले जातात, तेव्हा पानांबरोबर वाळूही ट्रॉलीत जाते. मग दोन वर्षांनी किनारा आखडला म्हणून बाहेरून वाळू आणून टाकतात. हे चक्र पाहून जीव तुटतो. जिथं समंजसपणा आहे तिथं हिवाळाभर ढीग ठेवतात, उन्हाळ्याच्या तोंडावर हलक्या हातानं बाजूला करतात आणि हंगाम संपला की परत किनाऱ्यावर पसरतात.

जुन्या लोकांना या पानांची किंमत ठाऊक होती. व्हेनिसची काच याच सुकलेल्या पानांत गुंडाळून जहाजांवर चढायची. इबिझा आणि फोरमेंतेराच्या जुन्या घरांत लाकडी तुळयांवर या पानांचा थर, त्यावर माती, असं छप्पर असतं. मिठात मुरलेली असल्यामुळे पानांना सहसा कीड लागत नाही, आग लागलीच तरी भडकत नाही. फोरमेंतेरावर २०१७ साली सरकारी योजनेतली १४ घरं बांधली, त्यांच्या छपरात उष्णता रोखायला हीच सुकी पानं घातली.

एवढं सगळं वाचून शेवाळ म्हणजे खलनायक असं कुणी समजू नये. भूमध्य समुद्राच्या उथळ खडकांवर सिस्टोसायरा नावाच्या तपकिरी शेवाळांची छोटी जंगलं असतात. माशांची पिल्लं त्यांच्या आडोशाला वाढतात, आणि ती जंगलंही झपाट्यानं कमी होत आहेत. पोसिडोनियाच्या पानांवर जी पांढरट खरखरीत पुटं दिसतात, तीही चुना साठवणारी इवली शेवाळं. पान झिजलं की तो चुना वाळूत मिसळतो. त्या किनाऱ्यांची पांढरी वाळू थोडी या शेवाळाचीही देणगी आहे. वाईट आहे ते बाहेरून आणलेलं शेवाळ, आणि सांडपाण्यानं माजलेलं.

कुरणांचं नुकसान नेमकं किती झालं हे मोजणं सोपं नाही, कारण जुने नकाशे अपुरे आहेत. २०१५ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात भूमध्य समुद्रातली आजची कुरणं सुमारे १२ लाख हेक्टर आणि पन्नास वर्षांतली घट ३४ टक्के धरली आहे. युरोपनं १९९२ सालीच या कुरणांना अग्रक्रमाचा अधिवास ठरवलं. कुरणांवरून तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांना बंदी आहे, आणि ती नुसती कागदावर राहू नये म्हणून स्पेननं काही ठिकाणी समुद्रात सिमेंटचे अवजड ठोकळे टाकले, म्हणजे आत शिरलेलं जाळं फाटेल. हा उपाय मला मनापासून पटतो. पाण्याचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की रोपं जास्त मरतात, त्यावर मात्र ठोकळा चालत नाही.

नांगराचं दुखणं त्याहून नेहमीचं आहे. उन्हाळ्यात निळ्याशार पाण्यात मोठी नौका थांबते, नांगर पडतो, वाऱ्यानं नौका फिरते तशी साखळी तळावर झाडूसारखी फिरते. निघताना नांगर चटईचा लचका घेऊन वर येतो. एक मीटर रुंदीची जखम धरा. दोन्ही कडांनी वर्षाला दोन दोन सेंटीमीटर भरत आली तरी २५ वर्षं लागतात, तीही मध्ये वादळानं कडा उकरल्या नाहीत तर. खडकावरचं शेवाळ खरवडलं तर ते बऱ्याचदा एक-दोन हंगामांत परत दिसतं. बॅलेरिक बेटांनी, म्हणजे इबिझा, फोरमेंतेरा ज्यात येतात त्या बेटसमूहानं, २०१८ साली पोसिडोनियावर नांगर टाकायला बंदी घातली. फ्रान्सनं २४ मीटरच्या वरच्या नौकांना कुरणांपासून दूर ठेवणारे नियम केले. नौका बांधायला तळाशी पक्के बोये बसवलेत.

लावणीही चालू आहे. वादळानं किंवा नांगरानं सुटलेले खोडांचे तुकडे पाणबुडे गोळा करतात, किनाऱ्याला लागलेल्या फळांतून बिया काढून टाकीत रुजवतात आणि एकेक रोप तळाशी अडकवतात. भातलावणीसारखंच, फक्त वाकायच्या ऐवजी पोहत आणि हवेची नळकांडी पाठीवर घेऊन. मायोर्का बेटावर पोयेन्साच्या उपसागरात २०१८ ते २०२० या काळात अशी लावणी झाली. ती दोन हेक्टरांची होती.