न दुखणारी दंतकीड

कीड दात आतून पोखरत असतानाही कळ, सणक किंवा ठणका जाणवत नाही, अशी अवस्था. विदर्भातल्या बहुतेक खेड्यांतून दाताच्या डॉक्टरकडे जायचे तर तालुका गाठावा लागतो आणि दिवसाची मजुरी बुडते. म्हणून ‘दुखल्यावर पाहू’ म्हटले जाते. नेमक्या त्याच काळात भोक वाढते.

रिंगणीच्या बियांची धुरी घेतली की दाढेतले किडे गळून पडतात, हा समज जुना आहे; पण दातात किडा नसतोच. तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ कणांपासून आम्ल तयार करतात. सामू (आम्लतेचे माप, pH) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, विरघळू लागते. या कवचात नस नसते. म्हणूनच काही कळत नाही. सुरुवातीला खडूसारखा पांढरा डाग पडतो, तोही दात कोरडा केला तरच नीट दिसतो. या टप्प्यावर फ्लोराइडयुक्त पेस्टने कीड थांबू शकते. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात. तो विकार निराळा.

दुसरी शांतता अधिक घातक. कीड आतल्या मज्जेपर्यंत, म्हणजे दाताच्या नस असलेल्या मऊ गाभ्यापर्यंत, गेली की रात्र रात्र ठणका लागतो, दाढेत लवंग धरली जाते. पुढे मज्जा मरते आणि ठणका आपोआप थांबतो. घरात सगळ्यांना हायसे वाटते, पण मुळाशी पू साचत असतो. हिरडीवर बारीक पुटकुळी येते, फुटते, पुन्हा भरते. पू वाहून जातो म्हणून दुखत नाही, एवढेच.

पन्नीत घोटलेला खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणाऱ्यांच्या दातांवर काळा थर बसतो आणि भोक त्याखाली झाकले जाते. तुरीच्या डाळीचे साल रोज एकाच दाढेत अडकत असेल, जीभ सारखी तिथेच जात असेल, तर ती दाढ दाखवावी.

मुलांच्या बाबतीत फसगत होते ती सहाव्या वर्षाच्या दाढेची. ती दुधाचा दात न पडताच मागे उगवते, त्यामुळे आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि ‘पडेल आपोआप’ म्हणून सोडून देतात. ही दाढ कायमची असते आणि तिच्या खाचा खोल असतात. भोक लहान असताना ती एका खेपेत भरता येते. मज्जा मेल्यावर रूट कॅनॉल करावे लागते, नाहीतर दाढ काढावी लागते.