क्राउडफंडिंग: गर्दी साइट आणत नाही, तुम्ही आणता

दादर-माटुंग्याच्या नाटकवाल्यांपासून अंधेरीतल्या स्टार्टअपवाल्यांपर्यंत एक समज घट्ट बसलाय: क्राउडफंडिंगच्या, म्हणजे अनेकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायच्या, नावाजलेल्या साइटवर प्रकल्प टाकला की अनोळखी लोक आपणहून पैसे देतात. तसं होत नाही. सुरुवातीचे पैसे बहुधा ओळखीतूनच येतात. आकडा हलताना दिसला की मग परके खिशात हात घालतात.

म्हणून साइट निवडताना नाव नाही, नियम बघा. किकस्टार्टर ही अशीच एक साइट ‘सगळं, नाहीतर काहीच नाही’ या पद्धतीने चालते. या पद्धतीत एकांकिकेसाठी ३ लाख मागितले आणि २ लाख ८० हजारांवर गाडी अडली, तर हातात शून्य. पूर्ण जमले तरी किकस्टार्टर ५ टक्के घेतं, पेमेंटचं शुल्क वेगळं. त्यात देणगीदारांना कबूल केलेले टी-शर्ट! ते छापून कुरियर करायचा खर्च लोक हमखास विसरतात.

पैशांच्या बदल्यात शेअर द्यायचे असतील तर मामलाच निराळा. कंपनी कायदा, २०१३ खाली खासगीरीत्या शेअर देऊ करायची मर्यादा साधारणपणे आर्थिक वर्षाला २०० जणांची आहे. तिथे साइट शोधण्याआधी सीए गाठा.