पासवर्ड बदलला म्हणजे आतला माणूस बाहेर गेला असं नाही

कुणी म्हणालं की माझ्या स्ट्रीमिंग अकाउंटमध्ये कुणीतरी अनोळखी घुसलंय, तर समोरचा हमखास एकच सांगतो, पासवर्ड बदल. माणूस बदलतो, निर्धास्त होतो, आणि दोन दिवसांनी बघतो तर हिस्ट्रीमध्ये परत न बघितलेल्या सिरीज, 'पुढे बघा' मध्ये भलतंच काहीतरी. मग घाबरतो की हॅकर फारच पोचलेला दिसतोय, नवा पासवर्डही त्याला कळला. अहो, नाही कळलेला. त्याला तो लागलाच नाही. पासवर्ड बदलणं आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ह्या एका गल्लतीपायी लोक आठवडेच्या आठवडे हैराण होतात ते बघवत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

पासवर्ड कसा बदलायचा ते सगळ्यांना येतं, त्यात वेळ घालवत नाही. फक्त तो खरंच नवा हवा, जुन्याच्या शेपटीला एक आकडा चिकटवलेला नको, आणि दुसऱ्या कुठल्याही साइटवर वापरलेला तर अजिबातच नको. बहुतेक वेळा कुणी तुमचं अकाउंट बसून फोडलेलं नसतं, दुसऱ्याच कुठल्यातरी साइटवरून फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी इथे लावून बघितलेली असते. २०२४ मध्ये रोकू ह्या अमेरिकन स्ट्रीमिंग कंपनीची सुमारे ५,७६,००० अकाउंटं अशीच उघडली गेली, रोकूच्या स्वतःच्या सिस्टिममधून ते पासवर्ड गेलेच नव्हते. त्यानंतर रोकूने सगळ्यांनाच टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी, लावून टाकलं, जे माझ्या मते प्रत्येक सेवेने केव्हाच करायला हवं होतं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही लॉगिन करता तेव्हा पासवर्ड तपासला जातो तो फक्त त्या एका क्षणी. तो जुळला की सर्व्हर त्या टीव्हीला किंवा फोनला एक टोकन देतो, आणि इथून पुढे ते डिव्हाइस पासवर्ड नाही, ते टोकन दाखवत राहतं. कार्यक्रमाला दारात तिकीट बघून हातावर शिक्का मारतात ना, तसं. नंतर तिकिटाचा रंग बदलला म्हणून आत बसलेल्याच्या हातावरचा शिक्का पुसला जात नाही. टीव्हीच्या बाबतीत तर हे अजूनच स्पष्ट दिसतं, कारण टीव्हीवर कोड येतो, तो आपण फोनवर टाकतो आणि टीव्ही सुरू होतो, म्हणजे त्या टीव्हीने तुमचा पासवर्ड कधी बघितलेलाच नसतो, मग तो तुम्ही दहा वेळा बदलला तरी त्याला काय फरक पडणार! जोपर्यंत सर्व्हर ते टोकन रद्द करत नाही तोपर्यंत तो चालूच राहणार, आणि रद्द करणं म्हणजेच सगळीकडून साइन आउट.

घोळ इथे होतो की प्रत्येक सेवा हे वेगळ्या पद्धतीने करते. नेटफ्लिक्समध्ये पासवर्ड बदलायच्या पानावरच सगळी डिव्हाइसं साइन आउट करायची एक चौकट असते, ती लोक वाचतही नाहीत. शिवाय डिव्हाइसांची यादी वेगळी मिळते, त्यातलं एकच डिव्हाइसही काढता येतं. गूगलचा पासवर्ड बदलला तर बऱ्याच ठिकाणी आपोआप बाहेर पडता, पण घरातली काही स्मार्ट उपकरणं आणि तुम्ही परवानगी दिलेली काही बाहेरची ॲप्स त्यातून सुटतात. स्पॉटिफायला अकाउंटच्या पानावर सगळीकडून साइन आउट करायचं बटण आहे, पण स्पीकर, गेमिंग कन्सोल वगैरे पार्टनर डिव्हाइसं त्याने बाहेर पडत नाहीत, त्यासाठी जोडलेल्या ॲप्सच्या यादीत जाऊन प्रत्येकाचा ॲक्सेस काढावा लागतो. म्हणून आपोआप झालं असेल असं धरून चालू नका. बटण शोधा, दाबा, मग यादी परत उघडून बघा.

क्रमही महत्त्वाचा आहे आणि ह्यावर मी हटून बसतो. आधी पासवर्ड, मग साइन आउट. उलटं केलंत तर तो बाहेर पडतो, जुना पासवर्ड टाकतो आणि तुम्ही नव्या पासवर्डचा विचार करत बसेपर्यंत परत आत. आणि ह्या दोन्हीच्या आधी ईमेल बघायचा, कारण पासवर्ड रिसेटची लिंक तिथेच येते, तो त्याच्या हातात असेल तर बाकी सगळं करून उपयोग शून्य. ईमेलचा पासवर्ड वेगळा करा, त्याला टू-फॅक्टर लावा, आणि फॉरवर्डिंग आणि फिल्टरमध्ये तुम्ही न लावलेलं काही आहे का ते बघा, हे तपासायचं नव्वद टक्के लोक विसरतात असं मला वाटतं. सगळं नीट करूनही तो परत परत येत असेल तर तुमच्या कॉम्प्युटरमध्येच ब्राउझरची कुकी, म्हणजे ते टोकन जिथे साठवलेलं असतं ती फाइल, चोरणारं काहीतरी बसलेलं असू शकतं, मग आधी ते साफ करा आणि हे सगळं दुसऱ्या, खात्रीच्या डिव्हाइसवरून करा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अनोळखी प्रोफाइल डिलीट केलं म्हणजे माणूस गेला नाही, तो नवं बनवेल. प्रोफाइलला पिन लावला तर तुमचं प्रोफाइल बंद होतं, अकाउंट नाही. सबस्क्रिप्शन रद्द करणं हा तर उपायच नाही, अकाउंट तसंच राहतं, आणि पेमेंटची माहिती तिथे असेल तर आत असलेला माणूस ते परत सुरू करू शकतो. आणि यादीत भलतंच शहर दिसलं म्हणून लगेच चोर ठरवू नका, ते आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे नेट कनेक्शनच्या नंबरावरून काढलेलं असतं, मोबाइल नेटवर वा व्हीपीएनवर हमखास चुकतं. डिव्हाइसचा प्रकार आणि वेळ बघा, त्यावरून जास्त कळतं.

आणि त्याने अकाउंटवरचा ईमेलच बदलला असेल तर स्वतः खटपट करू नका. ईमेल बदलल्याची सूचना तुमच्या जुन्या पत्त्यावर आली आहे का ते स्पॅमसकट शोधा, सेवेच्या ॲपमधून किंवा साइटवरूनच सपोर्टला गाठा, सर्चमध्ये सापडलेल्या नंबरवर फोन करू नका. पैसे कोणत्या कार्डातून आणि कोणत्या तारखेला जातात ते हाताशी ठेवा, मालकी पटवायला तेच कामाला येतं. त्यांनी अकाउंट परत दिलं की फोन ठेवायच्या आधी विचारा, सगळी सेशन, म्हणजे आधीपासून चालू असलेली लॉगिनं, बंद केलीत का. नुसता ईमेल परत लावून देतात आणि टोकनं तशीच राहू शकतात.