दाढ रात्रीच का ठणकते, आणि सकाळपर्यंत काय करायचं

दिवसभर नुसती कुरकुरणारी दाढ अंथरुणाला पाठ टेकताच ठणकायला लागते. उठून बसलं की जरा उतरतं, आडवं झालं की पुन्हा तेच. ‘रात्री दुसरा विरंगुळा नसतो म्हणून जास्त जाणवतं’, असं घरातले समजावतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण खरं कारण गच्चीवरच्या टाकीसारखं आहे: नळ जितका उंचावर, तितका धारेला जोर कमी. उभं किंवा बसलेलं असताना दाढ हृदयाच्या २५ ते ३० सेंटिमीटर वर असते. तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा दाब सुमारे २० मिलिमीटर पारा भरतो. म्हणजे दंडाला पट्टा बांधून वरचा आकडा १२० आला, तरी बसलेल्या माणसाच्या जबड्यापर्यंत पोचताना तो शंभराच्या आसपास उतरलेला असतो. आडवं झालं की ही सूट संपते. एरवी शरीराला या फरकाचं काही वाटत नाही. सुजलेल्या दाढेला वाटतं, कारण तिला फुगायला जागाच नसते.

बोट ठेचलं तर ते सुजतं, कातडी ताणली जाते, दाब वाटून जातो. दाताचं तसं नाही. बाहेर इनॅमलचं कवच, त्याच्या आत डेंटिनची जाड भिंत, आणि मधल्या पोकळीत मऊ गर. दाताचे डॉक्टर ‘कीड नसेपर्यंत गेली’ म्हणतात, तेव्हा ती ‘नस’ म्हणजे हा गर. त्यात चेतातंतूंबरोबर रक्तवाहिन्याही असतात. या वाहिन्या मुळाच्या टोकाशी असलेल्या, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून ये-जा करतात. कीड गराजवळ पोचली की तिथल्या वाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून पाणी पाझरतं. भिंती हलत नाहीत, म्हणून दाब वाढतो. वाढलेला दाब आधी पातळ भिंतीच्या नीला चेपतो. रक्त आत येत राहतं, पण बाहेर जायची वाट अडते. प्रत्येक ठोक्याला दाढेत घण बसतो तो असा.

जुन्या पुस्तकांत पुढची पायरी अशी सांगत: दाबाने मुळाच्या टोकाशी सगळ्या गराचाच गळा आवळला जातो आणि दात एकदम मरतो. प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर वेगळं दिसलं. दाब वाढतो तो सुजलेल्या तुकड्यापुरता. काही मिलिमीटरवरचा गर ठीकठाक असतो. दाढ तुकड्यातुकड्याने मरते, कधी काही दिवसांत, कधी महिन्यांत. दुखणं दोन दिवस जातं, पुन्हा येतं, जागा बदलल्यासारखं वाटतं, त्याचं एक कारण हे.

दुखण्याच्या जातीवरून आत काय चाललंय याचा बराच अंदाज येतो. डेंटिनमध्ये दर चौरस मिलिमीटरला हजारोंच्या संख्येने सूक्ष्म नळ्या असतात, प्रत्येकीची रुंदी एक-दोन मायक्रॉन. त्यांत द्रव असतो. गार पाणी लागलं की तो द्रव सरकतो, नळीच्या आतल्या तोंडाशी बसलेल्या जलद चेतातंतूला हिसका बसतो, आणि सणक येते. गार पाणी गेल्यावर ती काही सेकंदांत थांबत असेल तर गर अजून वाचवण्याजोगा असतो. सणक मिनिटभर रेंगाळते, गरम चहाने कळ उठते, काही न लागताच ठणका सुरू होतो, तेव्हा गराच्या गाभ्यातले मंद तंतू पेटलेले असतात, आणि सूज परत फिरण्याच्या पलीकडे गेलेली असते. शेवटी एक विचित्र टप्पा येतो: गरमाने दाढ फुटल्यासारखी होते आणि गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटतं. माणूस बाटली उशाशी घेऊन रात्रभर घोट धरत बसतो. गर बहुतेक मेला, याची ही खूण. त्यानंतर जंतू मुळाच्या टोकाबाहेर पडले की दाढ ‘उंच’ झाल्यासारखी वाटते आणि चावलं की कळ येते.

नेमकी कोणती दाढ, हे मात्र रुग्णालाही पुष्कळदा सांगता येत नाही. जागा सांगणारे तंतू गरात नसतात, ते मुळाभोवतीच्या आवरणात असतात. म्हणून सूज आतच असेपर्यंत खालची दाढ कानात दुखते, वरची कानशिलात. मात्र दुखणं उजवीकडून डावीकडे सहसा जात नाही. एक अपवाद लक्षात ठेवावा: चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो, थांबलं की जातो, सोबत घाम किंवा छातीत दाब असतो, तर ते दाताचं नसून हृदयाचं असू शकतं. तिथे लवंग शोधत बसू नये.

लगेच करायची पहिली गोष्ट साधी आहे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात आणि दुखऱ्या बाजूच्या दोन्ही फटींतून दातांचा धागा फिरवावा. शेंगदाण्याचं टरफल किंवा मांसाचा तंतू हिरडीत रुतला तरी दाढ ठणकल्यासारखीच दुखते, आणि तो निघाला की दहा मिनिटांत प्रश्न मिटतो. टाचणी, सेफ्टीपिन, काडी आत घालू नये. मऊ झालेल्या किडीतून टोक थेट गरात जातं.

मग गोळी. प्रौढांसाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ही जोडी दातदुखीत सगळ्यात भरवशाची ठरली आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही आयबुप्रोफेनसारख्या औषधांना, नुसतं किंवा या जोडीत, पहिली पसंती आहे. सुजलेल्या गरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि चेतातंतूंना हुळहुळे करतात. एरवी ज्या दाबाची दखलही घेतली गेली नसती त्यावर ते ओरडायला लागतात. ही रसायनं बनवणारे कारखाने अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातली औषधं (आयबुप्रोफेनही त्यांतलंच) बंद करतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कारखाना बंद झाला तरी आधी तयार झालेला माल संपायला वेळ लागतो. म्हणून दुखणं शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी लागू पडायला तास घेते, आणि म्हणून पहिले दोन दिवस दुखण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून घ्यायची असते: काहीतरी खाऊन, दर आठ तासांनी, दिवसाला आयबुप्रोफेन १२०० मिलिग्रॅमच्या आत.

चूक होते ती बेरजेत. आपल्याकडे या जोडीची तयार गोळी मिळते. तिच्यात बहुधा आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं. अशा तीन गोळ्या म्हणजे पॅरासिटामॉल ९७५. मध्येमध्ये ‘तापाची साधी गोळी’ म्हणून ६५० च्या चार घेतल्या की २,६०० आणखी. एकूण ३,५७५. दिवसाला ४,००० ही निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा, ३,००० च्या आत राहणं शहाणपणाचं. त्यात सर्दीची गोळी पडली (तिच्यातही पॅरासिटामॉल असतं) आणि वर दोन पेग गेले, तर यकृताची परीक्षा सुरू. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधं, अशा गोळ्यांनी उठणारा दमा, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन टाळून नुसतं पॅरासिटामॉल. पावसाळ्यात अंगदुखीसह ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरीही तेच.

लहान मुलांना वजनावर मोजून पॅरासिटामॉल: किलोमागे १५ मिलिग्रॅम, किमान चार ते सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत चार वेळांपेक्षा जास्त नाही. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम लागतात. पण सिरपच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात. ५ मिलिलिटरला २५० वाली असेल तर ६ मिलिलिटर, १२० वाली असेल तर साडेबारा. लेबल न वाचता ‘दोन झाकणं’ देणं धोक्याचं. मुलांना अ‍ॅस्पिरिन नाही, आणि निमेसुलाइडही नाही. १२ वर्षांखालील मुलांसाठी ते भारतात २०११ पासून बंद आहे.

आता लवंग. आजीच्या बटव्यातल्या उपायांपैकी दंतवैद्यकाने जसाच्या तसा उचललेला हा एक. लवंगेच्या तेलाचा बहुतांश भाग युजेनॉल असतो. मिरचीचा तिखटपणा चेतातंतूवरच्या ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसतो त्याच ग्राहीला ते आधी चेतवतं, म्हणून चुरचुरतं. मग तंतूंतले संदेश पुढे नेणारे सोडियमचे दरवाजे अडवतं, म्हणून बधिरता येते. झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून केलेलं तात्पुरतं सिमेंट दवाखान्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. दाताच्या दवाखान्याचा तो ओळखीचा वास लवंगेचाच. पण वापरायची पद्धत चुकते. चूळ भरून खड्डा स्वच्छ करा, कोरड्या कापसाने टिपा. ज्वारीच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा, त्यावर एक थेंब, बोटात दाबून जास्तीचं काढा, आणि चिमट्याने फक्त खड्ड्यात ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी काढा. दिवसात तीन-चार वेळा पुरे. हिरडीला, गालाला शुद्ध तेल लागलं तर चटका बसतो आणि पांढरा चट्टा येतो. दाढेला खड्डाच नसेल तर तेल आत पोचत नाही, वरून चोळून काही होत नाही. आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये: ५ ते १० मिलिलिटर पोटात गेल्याने लहान मुलं बेशुद्ध झाल्याच्या, यकृत निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ‘नैसर्गिक आहे’ हा काही डोस नव्हे.

शेकाचं उलट आहे. गरम शेकाने वाहिन्या आणखी रुंदावतात. फडक्यात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून पंधरा मिनिटं, मग तेवढाच वेळ विश्रांती. आणि झोपताना दोन-तीन उशा, डोकं हृदयाच्या वर. सुरुवातीच्या टाकीच्या हिशेबातला हा फुकटचा उपाय, आणि गोळीला खरी साथ देतो.

काय करू नये याची यादी लांब आहे. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरली तर ती जागा आम्लाने भाजते. गोळी काम करते ती रक्तातून. दारूच्या गुळण्या, रॉकेल, बाम, कापूर यांनी तोंड पोळतं, आणि गिळलेल्या कापराने लहान मुलांना आकडी येते. मशेरीचं पाप वेगळं. गावोगावी बायकांना मशेरीची सवय लागते ती पुष्कळदा दातदुखीवरचा उतारा म्हणूनच. दाढ पुढे पडते, तंबाखू राहते.

आणि ती धुरी. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धूर नळीने दाढेला द्यायचा आणि पाण्यात पडलेले ‘किडे’ दाखवायचे. युरोपात हाच खेळ खुरासनी ओव्याच्या बियांवर चालायचा. दोन्ही झाडं वांग्याच्या कुळातली. तिथे उलगडा झाला तो असा: तापलेलं बी फुटलं की आतला वाकडा पांढुरका अंकुर बाहेर पडतो, तोच किडा. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली दातांत किडे शोधले आणि मिळाले नाहीत असं १७२८ मध्येच लिहून ठेवलं. १८९० मध्ये अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी जंतू, साखर आणि आम्ल यांचं गणित मांडलं. आपण अजून ‘कीड’ म्हणतो ते भाषेची सवय म्हणून. म्हणायला हरकत नाही, धुरी घ्यायला आहे.

मेडिकलमधून अमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या आणणं हा सुशिक्षितांचा धुरीप्रकार. गर सुजल्याचं दुखणं अँटिबायोटिकने कमी होत नाही. चाचण्यांत तपासलेलं आहे. दुखणं दाबाचं आणि प्रोस्टाग्लँडिनचं. आणि गर मेला असेल तर रक्तपुरवठाच नाही, औषध आत जाणार कुठून? ते लागतं ते संसर्ग बाहेर पसरून ताप, चेहऱ्याची सूज आली की, आणि तेही डॉक्टरांनी ठरवून.

‘दाढ ठणकत असताना काढत नाहीत’ या समजुतीमागेही रसायनशास्त्र आहे. भुलीच्या लिग्नोकेनचे रेणू दोन रूपांत असतात: भारित आणि बिनभाराचे. तंतूच्या चरबीयुक्त आवरणातून फक्त बिनभाराचे आत जातात. त्यांचा समतोल ७.९ या पीएचला (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) निम्मा-निम्मा असतो. निरोगी ऊतीत पीएच ७.४, तिथे बिनभाराचे सुमारे २४ टक्के. सुजेने पीएच ६.४ वर आला, तर ३ टक्के. तेच इंजेक्शन, कामाचे रेणू आठवा हिस्सा. एवढ्याने सगळं उलगडत नाही, कारण खालच्या जबड्याची भूल सुजेपासून लांब देतात आणि तरी कधी कधी चढत नाही. पेटलेले तंतू भुलीला दाद न देणारे सोडियमचे दरवाजे जास्त वापरतात, असाही पुरावा आहे. पण डॉक्टरांकडे जादा जागी भूल देण्याच्या युक्त्या असतात. म्हणून ‘ठणका उतरू दे, मग जाऊ’ असं थांबू नये.

काही खुणा दिसल्या तर सकाळचीही वाट पाहायची नाही. सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली गळ्याकडे सरकतेय, तोंड दोन बोटंही उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, जीभ वर उचलल्यासारखी झालीय, आवाज घोगरा, आडवं झालं की श्वास कोंडतो: यांपैकी काहीही असेल तर १०८ ला फोन करावा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जावं. खालच्या दाढेचा पू जिभेखालच्या पोकळ्यांत उतरून श्वासनलिका दाबली जाते. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये हा आजार नोंदवला, त्यांचंच नाव त्याला आहे.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दुखणं आपोआप थांबणं. तीन रात्रींचा ठणका चौथ्या दिवशी गायब होतो, गोळी लागू पडली असं वाटतं, सोमवारची अपॉइंटमेंट रद्द होते. बहुतेक वेळा तंतू मेलेले असतात. जंतू मुळाच्या टोकाशी निवांत काम करत राहतात आणि महिन्यांनी गळू येतं. म्हणून दुखत असतानाच कागदावर लिहून ठेवावं: गारव्याने दुखतं की गरमाने, सणक किती सेकंद टिकते, चावल्यावर कळ येते का, कोणती गोळी किती वाजता घेतली. डॉक्टर गारव्याची चाचणी घेतात तेव्हा मेलेली दाढ उत्तर देत नाही, आणि तासाभरापूर्वी घेतलेली गोळी जिवंत दाढेचंही उत्तर मवाळ करते.